खालच्या मजल्यावरचा गुरुत्वमध्य

माझ्या विमानाचा गुरुत्वमध्य खालच्या मजल्यावर मगदुमांच्या स्वयंपाकघरात उतरला. त्यात माझी काडीची चूक नव्हती, आणि हे मी सोसायटीच्या बैठकीतही सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं आहे.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, फोमचं. आकाशात कोलांट्या मारण्यासाठीच बनवलेलं, पण स्वस्तातलं. आमच्या मिरजेच्या क्लबात लोकांची विमानं अशी आहेत की हात लावायला भीती वाटते. माझं विमान पाहून ते "छान आहे हो सर" म्हणतात. शेजाऱ्याच्या पोराचं चित्र बघून म्हणतात ना, तसं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. तो आवाज मला बरोबर ओळखू येतो. म्हणूनच येत्या रविवारी सगळ्यांसमोर हे विमान उलटं करून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, असं मी ठरवलं होतं.

पंख चिकटवले, मोटर बसवली, रिमोटची काडी हलवली की शेपटीची पट्टी बरोबर वरखाली होते का ते पाहिलं. शेवटचं काम तोल बघण्याचं. पंखांखाली दोन बोटं धरायची; विमान आडवं राहिलं की गुरुत्वमध्य जागेवर आहे. कोलांट्यांसाठी तो किंचित मागे असलेला बरा, म्हणून मी बॅटरी बोटभर मागे सरकवली. विमान घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. कधी नाकावर, कधी शेपटीवर, तर कधी एका पंखावर. तेवढ्यात बेल वाजली.

दारात खालचे रावसाहेब मगदूम होते. "सर, तुमचं कायतरी आमच्यात उतरलंय. बघून जावा."

मी विमान घेऊनच खाली गेलो. गुरुत्वमध्य ओट्याजवळ, साधारण कमरेच्या उंचीवर होता. दिसत नव्हता, पण शंकेला जागा नव्हती. त्यांचं जन्माचं डुगडुगणारं टेबल ठाम उभं होतं. मी विमान त्या जागी एका बोटावर धरलं, तर ते शहाण्यासारखं आडवं राहिलं.

"ही गळती झाली," मगदूम म्हणाले. "मागं तुमच्या मोरीची झाली, आता ही. वरच्यानं काढून द्यायची असते."

"देतो की. बॅटरी पुढे घेतली की येईल वर."

पण वर आल्यावर माझा चहा व्हायच्या आत मगदूम पुन्हा दारात हजर, आणि आता सूर वेगळाच. "सर, राहू दे ती गळती."

त्यांचे वडील, तात्या, यांना दोन वर्षांपासून चक्कर येते. घरातल्या घरात भिंत धरून चालतात आणि संडासला जायलासुद्धा मुलाचा खांदा लागतो. ते पाणी प्यायला ओट्याशी आले आणि परत जाताना भिंत धरायची विसरले. गुरुत्वमध्य त्यांच्याबरोबर गेला. "गॅलरीत जाऊन आले सर," मगदूम म्हणाले. "एकटे."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. "अहो, विमान माझं, गोंद माझा, चटके माझ्या बोटांना, आणि तोल तुमच्या वडिलांना? हा कुठला न्याय?"

"आम्ही काय मागाय आलो नव्हतो. तुमचंच उतरलं."

बैठक बोलवावी लागली. चेअरमन शिखरेबाई नियमाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "गळतीमुळे खालच्याचं नुकसान झालं तर वरच्याने भरून द्यायचं. खालच्याचा फायदा झाला तर काय करायचं, हे आपल्या उपविधींत नाही." मागून कुणीतरी सुचवलं की गुरुत्वमध्य गच्चीवरच्या टाकीत सोडावा, म्हणजे पाण्यासारखा सगळ्यांनाच मिळेल. हा विषय आधी कळवलेला नसल्यामुळे बाईंनी तो घेतला नाही.

मी उभा राहिलो. "कुणाच्या वडिलांना चक्कर येते म्हणून मी विमान कपाटावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं का? माझ्या जागी क्लबातले महागड्या विमानांवाले असते तर तुमची हिंमत झाली असती का हे बोलायची?"

मग दारातून आवाज आला. तात्या स्वतः जिना चढून आले होते आणि कशालाही न टेकता, हात पाठीमागे बांधून उभे होते. "सर बरोबर बोलत्यात," ते म्हणाले. "वस्तू त्यांची हाय. त्यांनी न्यावी."

असं कुणी मोठेपणा दाखवला की माझं डोकं दुप्पट तापतं, कारण मग भांडायला काही उरत नाही. शेवटी मीच तोडगा सांगितला. तोल तात्यांकडे राहील. रविवारी सकाळी, विमानाची बॅटरी टिकेल तेवढा वेळ, तात्यांनी खाटेवर आडवं व्हायचं. आडव्या माणसाला तोल कशाला हवा? ठराव एकमताने मंजूर झाला.

रविवारी मैदानावर मगदुमांचा फोन आला. "झोपले बघा." मी बॅटरी पुढे सरकवली. विमान दोन बोटांवर आडवं राहिलं. मी ते सोडलं.

काय उडालं म्हणून सांगू! एक कोलांटी, दुसरी कोलांटी, मग पाठीवर घेतलं आणि तसंच उलटं मैदानावरून न्यायला लागलो. क्लबातल्या गप्पा थांबल्या. "छान आहे हो सर" म्हणायला एकाचंही तोंड उघडेना. आणि विमान नेमकं मैदानाच्या मध्यावर असताना खिशातला फोन वाजला. माझे दोन्ही हात रिमोटवर. शेजारच्या माणसाने फोन काढून माझ्या कानाला लावला.

"सर, उतरवा. तात्यांना लघवीला जायचंय."

"दोन मिनिटं थांबायला सांगा!"

"सांगितलं. न्हाई म्हणत्यात."

"अहो, दोन वर्षं तुमचा खांदा धरून जात होते ना? मग आज एक दिवस धरायला काय झालं?" मी ओरडलो. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

पलीकडून मगदूम म्हणाले, "मी दिलाय वो खांदा. पण आता त्ये धरंनात."

दुसरं टोक समोर दिसत होतं. मी विमान सुलटं केलं, उतरवलं, फोन घेऊन पळत गेलो आणि बॅटरी मागे सरकवली. विमान गवतात एका पंखावर कलंडलं.

"उठले," मगदूम म्हणाले आणि फोन ठेवला. आभाराचा एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी आडवं होण्यापूर्वी तात्यांनी जाऊन यावं, असं मी सोसायटीला लेखी कळवलं आहे.