घरभर देवाची नावं

डोकेदुखीची गोळी शोधताना मिस्त्रींचा हात औषधांच्या डब्यावर थांबला. झाकणावर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ‘तुला बरे करणारा परमेश्वर’. बायकोला जाऊन दोन महिने झाले होते.

“केलंस बरं?” मिस्त्रींनी छताकडे बघून विचारलं आणि चिठ्ठी ओरबाडून जमिनीवर फेकली.

अशा चिठ्ठ्या घरभर होत्या. बायको बायबलमधून देवाची एकेक पदवी निवडायची, जाड कागदावर लिहायची आणि चिकटपट्टीने कुठंतरी डकवायची. मिस्त्रींनी कधी विचारलं नव्हतं. बाई भाविक आहे, एवढं त्यांना पुरत होतं. आज मात्र त्यांचं टाळकं सरकलं. एवढ्या पदव्या मिरवायच्या आणि ऐन वेळी उपयोगी पडायचं नाही. असा कामगार त्यांच्या हाताखाली असता, तर दुपारच्या आत घरी गेला असता.

बटणांच्या फळीवरची ‘जगाचा प्रकाश’ त्यांनी खेचली. तिच्याबरोबर फुटकं बटण हातात आलं आणि स्वयंपाकघरातला दिवा गेला. टेबलाच्या पायाखाली घडी करून सारलेली ‘कोनशिला’ उपसली, तसं टेबल एका अंगाला कललं आणि चहाचा कप त्यांच्या पावलावर उपडा झाला. मग मात्र त्यांनी मागचापुढचा विचार न करता नळाला गुंडाळलेली ‘जिवंत पाण्याचा झरा’ ओढली. पाण्याची धार थेट तोंडावर आली.

पाण्याची मुख्य चावी न्हाणीघरात. मिस्त्री धावले, मागे दार आपटलं, चावी बंद केली आणि वळले, तर दारावर ‘मी दार आहे’. तीही गेली. चिठ्ठीबरोबर दाराची मूठही निघून हातात आली.

दुरुस्तीला बोलावल्यावर पंधरा मिनिटांत हजर होणारा माणूस म्हणून साऱ्या इमारतीत मिस्त्रींचं नाव होतं. तो माणूस पाऊण तास उलट्या बादलीवर ओला बसून होता. शेवटी मेहुणी जेवणाचा डबा घेऊन आली. तिच्याकडे घराची किल्ली होती.

“भावजी, आत काय करताय?”

“पोहतोय. हत्यारांची पेटी आण.”

“आधी सांगा, ताईच्या चिठ्ठ्या कुणी उपटल्या?”

“मी. तुझ्या ताईचा देव कुठल्याच कामाचा नाही.”

बाहेर जमिनीवरच्या चिठ्ठ्या गोळा केल्याची चाहूल लागली. मग मेहुणी म्हणाली, “मागं पेन्सिलीनं लिहिलंय. वाचू?”

“पेटी आण.”

“‘नळ गळतो. यांना चारदा सांगितलं. रविवारी बघतो म्हणाले.’”

मिस्त्रींनी बाहीनं तोंडावरचं पाणी पुसलं.

“‘बटण फुटलंय. सहादा सांगितलं. रविवारी बघतो म्हणाले.’ टेबलाचं तर दोन वर्षांपूर्वीचं आहे. तुम्ही येत नाही म्हणून ताईनं दुसऱ्याला बोलावलं होतं, भावजी.”

“आणि तो आला?”

“तुम्ही हात लावेपर्यंत सगळं चालत होतं.”

हे मिस्त्रींना झोंबलं. “औषधाच्या डब्यावरची बघ,” ते म्हणाले. “त्यावर कितीदा लिहिलंय?”

“कोरी आहे.”

“नीट बघ.”

“कोरीच आहे. हे तिनं तुम्हाला सांगितलंच नाही.”

“का नाही सांगितलं?” मिस्त्रींनी दारावर मूठ हाणली. “दुखणं चार महिने अंगावर काढलं. मला कळलं ते डॉक्टरकडून. नळाचं चारदा सांगायला तोंड होतं, याचं एकदा सांगता आलं नाही? त्याला सांगितलं आणि मला नाही?”

“तुम्ही काय म्हणाला असतात?”

मिस्त्री पुन्हा बादलीवर बसले. जरा वेळानं दाराखालच्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हर आत सरकला.

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. नळाला नवा वायसर घातला, बटण बदललं, टेबलाचा पाय सारखा केला, दाराची मूठ आवळून बसवली. प्रत्येक काम उरकलं की ते वर बघून दरडावत, “हे माझं होतं, कबूल. तिला बरं करणं तुझं होतं.” मेहुणी निमूटपणे जमीन पुसत राहिली. या भांडणात मध्ये पडण्यात अर्थ नव्हता.

पुसता पुसता ती मिस्त्रींच्या खुर्चीमागे गेली आणि थांबली. “इथं एक राहिलीय. ‘मंदक्रोध.’”

“म्हणजे काय?”

“लवकर न रागावणारा. देवाचीच पदवी आहे. हिचं काय मोडलंय?”

मिस्त्रींनी खुर्ची उलटी केली. चारी पाय हलवून पाहिले, सांध्यांवर ठोकून पाहिलं, मग सरळ करून तीनदा धपकन बसले. खुर्ची करकरलीसुद्धा नाही.

“खुर्ची धड आहे,” ते चिडून म्हणाले. “हिला काय धाड भरलीय?”

मेहुणी तोंड फिरवून खिडकीकडे बघत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. मग चिठ्ठी कुणासाठी आहे, ते त्यांच्या ध्यानात आलं. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. मागं कितीदा सांगितल्याचं लिहिलंय, हे वाचायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी अंगठ्यानं तो कोपरा घट्ट दाबला.

“एवढी राहू दे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “या कामाला वेळ लागेल.”