ठरावाविरुद्ध अडलेलं पाणी

नदीचं संरक्षण करायचं असेल, तर नदीत पाणी नसणं फार सोयीचं असतं. कोणी बुडत नाही, कोणी धुणं धूत नाही, आणि सभेसाठी पात्रातच सतरंजी अंथरता येते. या दृष्टीने पाहता, सन १९७२ साली पाथर्डी तालुक्यातल्या नांदूरदऱ्याइतकी अनुकूल परिस्थिती क्वचितच एखाद्या गावाला लाभली असेल. गावची उंबरी नदी दोन वर्षं ठणठणीत कोरडी होती.

दिवाळीनंतर तालुक्याहून पत्र आलं, की नदीकाठच्या प्रत्येक गावाने नदी संरक्षण समिती स्थापन करावी. सरपंच काकासाहेब अध्यक्ष झाले, कारण गावातल्या सगळ्याच समित्यांचे ते अध्यक्ष होते. त्यांचा चुलतभाऊ सहादेव अनुमोदक झाला (हे पद पत्रात नव्हतं, पण सहादेवला दुसरं काही येत नसे). पत्रात 'एक महिला' असं लिहिलं होतं, म्हणून भागूबाईला बोलावलं. ती दरसाल ऊसतोडीला जायची. यंदा टोळीच निघाली नाही, म्हणून ती गावात सापडली. आणखी सहा सभासद हात वर करण्यापुरते घेतले. आणि शाळेतले कानिफनाथ गुरुजी सचिव झाले, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि स्वतःचं मत सांगायची त्यांना सवय नव्हती.

समितीच्या कामाचा झपाटा विलक्षण होता. ठराव क्रमांक तीनने पात्रात पाटी लावली, 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.' ही मनाई शंभर टक्के पाळली गेली. ठराव क्रमांक सातने नदीत जनावरं धुण्यास बंदी घातली (जनावरं छावणीत होती). मग बांधाचा विषय निघाला, आणि पहिल्यांदाच भागूबाई बोलली.

"वरचं पानी वरच धरा," ती म्हणाली. "डोंगरावर घळी घळीला दगड रचा. खाली येऊस्तवर त्याला लई जोर येतो. मग ते कुनाचं ऐकत न्हाई."

काकासाहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "भागूबाई, गाव वर हाय का खाली?"

"खाली."

"मग पानी कुठं पायजे?"

"खाली."

"झालं तर!" काकासाहेब म्हणाले. त्यांची विहीरही खालीच होती, पण हा निव्वळ योगायोग होता.

सहादेवने अनुमोदन दिलं आणि विषय मताला टाकण्यात आला. पाणी खालून अडवावं, आठ मतं. वरून अडवावं, एक मत. लोकशाही मार्गाने पाण्याची दिशा ठरवणारं नांदूरदरा हे तालुक्यातलं बहुधा पहिलंच गाव असावं. त्याच दिवशी सकाळी गुरुजींनी चौथीच्या वर्गाला 'नदी डोंगरात उगम पावते' हे वाक्य पाच वेळा लिहायला लावलं होतं. पण सचिवाला मताचा अधिकार नसतो. या नियमाचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले आणि ठराव सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

काकासाहेबांच्या विहिरीशेजारी मातीचा थोरला बांध उभा राहिला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि सगळ्या सभासदांनी नदीला न दुखावण्याची शपथ घेतली. भागूबाई त्या दिवशी हजर नव्हती. ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

खडीच्या कामाला मंगळवारी सुट्टी असे. आठवड्यातला तेवढा एक दिवस पाठ टेकायला मिळावा म्हणून ती सुट्टी होती. त्या दिवशी भागूबाई आणि आणखी दहा बायका डोंगरावर जाऊन दगड रचू लागल्या. शाळेच्या ओट्यावरून गुरुजींना त्या मुंग्यांएवढ्या दिसायच्या. माघ गेला, चैत्र गेला. घळींना आडव्या काळ्या रेघा उमटत गेल्या. गुरुजी त्या मोजायचे आणि मग फळ्याकडे वळायचे. शेवटचा आकडा चौतीस होता. तो त्यांनी कुठेच लिहिला नाही.

समितीला मात्र हे खपलं नाही. बायका वरच पाणी धरून बसल्या, तर खालच्या बांधाने काय अडवायचं, असा रास्त प्रश्न सहादेवने विचारला (त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रश्न). ठराव झाला. भागूबाईला नोटीस काढण्यात आली, 'आपण शासनाच्या हद्दीत पडणारा पाऊस अनधिकृतपणे अडवण्याची तयारी केली असून, पंधरा दिवसांत सर्व दगड मूळ जागी न्यावेत.'

भागूबाईला वाचता येत नव्हतं. त्यामुळे नोटीस लिहिणाऱ्या गुरुजींनाच तिच्या दारात उभं राहून ती मोठ्याने वाचावी लागली. वाचताना त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. पुढचं वाक्य त्यांनी कागदावरून नजर न उचलता वाचलं.

"पाऊस कुठं पडलाय अजून, गुर्जी?" ती म्हणाली. "पडू तर द्या. मग काढते."

मृगात पाऊस आला, आणि असा आला की दोन वर्षांची कसर निघाली. थोरला बांध सुमारे एक तास ठरावाप्रमाणे वागला. त्यानंतर पलीकडच्या शिवारातल्या ओढ्याचा लोंढा आला आणि बांध काकासाहेबांच्या विहिरीत जाऊन बसला. डोंगरावरचे चौतीस बांध जागचे हलले नाहीत. श्रावणात त्या बायकांच्या आळीतल्या आडाला पाणी लागलं. दोन वर्षांनी पहिली घागर भरली. भागूबाईने आडाच्या काठावर बसून नुसते पाय धुतले, सावकाश.

त्याच महिन्यात तालुक्याचे साहेब पाहणीला आले. एकवीस सभा आणि त्रेचाळीस ठराव ऐकून ते भारावले होते. आता त्यांना बांध बघायचा होता. खाली बांध नव्हता, म्हणून काकासाहेब त्यांना, समितीला आणि वहीसकट गुरुजींना घेऊन डोंगरावर निघाले. (अर्ध्या वाटेवर त्यांना भागूबाईला रस्ता विचारावा लागला.)

वर घळी घळीत पाणी उभं होतं. साहेबांनी टोपी काढली.

"वा! हे समितीचं काम?"

"व्हय साहेब," काकासाहेब म्हणाले.

"कोणत्या ठरावाने?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वही उघडली, मिटली. बाजूला भागूबाई उभी होती.

"ठरावाविरुद्ध, साहेब," गुरुजी म्हणाले. "हे या बाईंनी केलं. आम्ही त्यांना नोटीस दिली होती. ती मीच लिहिली."

पण साहेब अनुभवी होते. "गुरुजी, असं लिहून चालत नाही," ते मायेने म्हणाले आणि त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, 'समितीने वेळोवेळी केलेल्या लेखी पत्रव्यवहारातून प्रेरणा घेऊन महिलांनी श्रमदान केले.' मग त्यांनी भागूबाईला विचारलं, "बाई, तुम्हाला शासनाकडून काय पाहिजे?"

"दगुड उचलायला मानसं."

साहेबांनी मागणीची नोंद घेतली. त्यावर विचार करायला समितीने उपसमिती नेमली. सहादेवने अनुमोदन दिलं.

पुढच्या मंगळवारी गुरुजी शाळेला रजा टाकून डोंगरावर गेले. त्यांनी रचलेला पहिला दगड भागूबाईने काढला. "उलटा बसवला, गुर्जी. त्याचं रुंद अंग खाली पायजे." तिने तो पुन्हा त्यांच्या हातात दिला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची चूक इतकी हलकी कधी वाटली नव्हती.

नांदूरदऱ्याचा अहवाल यथावकाश छापून आला. गावोगावच्या सुजाण लोकांनी तो वाचला. दोनशे बारा जणांनी अभिनंदनाची पत्रं धाडली आणि सत्तेचाळीस जण समक्ष येऊन डोंगराकडे कौतुकाने बघून गेले. समितीने या सगळ्यांना सन्माननीय नदीरक्षक म्हणून सभासद करून घेतलं. त्यासाठी नियम एकच आहे, संबंधित व्यक्तीने नांदूरदऱ्याची हकिकत शेवटपर्यंत वाचलेली असावी.

वाचकहो, आपलंही नाव नोंदवून घेतलं आहे. दगड उचलण्याची गरज नाही.