गुरुवारचा ओढा

ओढा तुम्ही मारलात. वरच्या अंगाच्या रंगाच्या कंपनीने त्यात नुसता रंग सोडला. मारलात तुम्ही, पुण्याच्या तपासणी ऑफिसात पंख्याखाली खुर्चीत बसून. पाणी तपासायचं म्हणून सरकारने तुम्हाला जीप दिली, बुचाच्या बाटल्या दिल्या, आणि तुमचा साहेब दर खेपेला त्या बाटल्या भरून नेतो नि दर खेपेला वर कळवतो, "पाणी स्वच्छ आढळले." कुणाला आढळले? गिरजाबाईच्या म्हशीला विचारलं होतं?

विचारायचीही गरज नव्हती, नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. त्या दिवशी चांदी म्हैस ओढ्यात डुंबून वर आली ती गळ्यापर्यंत निळी होऊन. गिरजाबाई पिंपळे गुरवची, मूळ गावातली. दोन म्हशींवर तिचं घर चालायचं आणि गावाला लागून उठलेल्या कामगार कॉलनीत तिच्या दुधाचा रतीब होता. तिने चांदीला घरी न नेता सरळ कॉलनीत आणलं आणि मधुसूदन खरवंडीकरच्या दारात उभं केलं.

मधुसूदन पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि 'ओढा बचाव समिती'चा सेक्रेटरी. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, माणसांना पुन्हा कंठ फुटला होता, त्यामुळे समितीचे ठराव भराभर होत होते. ओढा मात्र होता तसाच, सोमवारी निळा नि मंगळवारी अधिक निळा.

"ओ शेक्रेटरी, भाईर या. ही बगा तुमची समिती!" गिरजाबाईने हाक दिली.

मधुसूदन बाहेर आला. त्याच्या मागोमाग हाताला कणीक लागलेली त्याची बायको मृदुला आली; ती दुपारच्या शाळेत शिकवायची. चांदीने दोघांकडे बघून शेपटी उडवली. मधुसूदनच्या पांढऱ्या बनियनवर निळे शिंतोडे उठले.

"अर्ध्या कॉलनीनं दूद बंद केलं," गिरजाबाई म्हणाली. "म्हनत्यात, निळ्या म्हशीचं दूद पोरास्नी कसं पाजायचं? आवं, दूद पांढरंच हाय. पर ऐकतंय कोन? आन म्हशीला डुंबायला पानी पायजेच, हिरीत काय उतरवू तिला? शनवारी दोनी जनावरं चाकनच्या बाजारात नेते."

"गिरजाबाई, पितृपक्षात कोण म्हैस विकतं? भाव पडेल."

"निळ्या म्हशीला दसऱ्यालाबी भाव न्हाई, शेक्रेटरी. तुमची समिती काय करायची ती शनवारच्या आत करू द्या. न्हाईतर ठराव करा, गिरजाबाईनं उद्यापास्नं माती खावी."

त्याच संध्याकाळी समिती बसली. मृदुलाने चहा दिला. प्रश्न जुनाच होता. तपासणीचा साहेब यायचा तो शुक्रवारी. त्या दिवशी कंपनी आपला पाइप बंद ठेवायची, आणि समितीतले सगळे आपापल्या शिफ्टला गेलेले असायचे. साहेबाला धरून ओढा दाखवायला कॉलनीत पुरुष माणूसच नसायचं.

"मंग साहेबाला दुसऱ्या दिवशी बोलवा ना!" सयाजी म्हणाला. तो बीडकडचा, फाउंड्रीत भट्टीवर काम करून करून त्याचा स्वभावही तसाच झाला होता. "आपल्याला सगळ्यांला सुट्टी कवा असती? गुरुवारी. गुरुवारी बोलवा. मी सोता साहेबाला बोटाला धरून दाखवतो."

"वा! सगळे हजर राहू," मधुसूदन म्हणाला. ठराव एकमताने झाला. इतक्या झटपट झालेल्या ठरावात काहीतरी खोट असते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मधुसूदन रजा टाकून पुण्याला गेला. तपासणीच्या देवस्थळीसाहेबांनी आधी नाक मुरडलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून एकदम खुलले. "गुरुवार का? ठीक आहे. त्या दिवशी चिंचवडला मेहुण्याकडे सासऱ्यांच्या श्राद्धाचं जेवण आहे. जाता जाता तुमचा ओढा उरकून टाकू. ऑफिसच्या वहीत शुक्रवार लिहिलाय तो तसाच राहू दे."

गुरुवारी सकाळी मधुसूदन आरशासमोर दाढी करत होता. समितीच्या वतीने करायचं भाषण मनात घोळत होतं. तेवढ्यात मृदुला खांद्यावर गोधड्यांचा ढीग घेऊन निघाली. दसऱ्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं, त्याचा तो ढीग.

"कुठे निघालीस?"

"ओढ्यावर. गोधड्या धुवायला."

"त्या गटारात?"

"अहो, आज गुरुवार नाही का? गुरुवारी पाणी चांगलं असतं. सगळ्या बायका आजच नेतात."

मधुसूदनचा वस्तरा गालावर थांबला. "गुरुवारी चांगलं असतं? का?"

"का म्हणजे? तुमचा कारखाना आज बंद, सयाजीभाऊंचा बंद, मग रंगाची कंपनी काय दत्ताची उपासना करायला उघडी ठेवतील? इथून भोसरीपर्यंत सगळ्यांची सुट्टी गुरुवारचीच."

"अगं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला विचारलंत कधी? तुमच्या समितीने चहा मागितला, मी चहा दिला."

अर्धी दाढी तशीच ठेवून मधुसूदन ओढ्याकडे धावला. पाणी कसं होतं म्हणता? तळातला गोटा न् गोटा मोजून घ्यावा. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गोधड्या आपटत होत्या, गप्पा मारत होत्या. मध्यभागी एक बगळा कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला आल्यासारखा उभा होता. मधुसूदनने त्याला दगड मारला. बगळा उडाला आणि थोडा पुढे जाऊन पुन्हा तसाच उभा राहिला.

वरच्या अंगाला गिरजाबाई दोन्ही म्हशींना घासत होती. बाजारात न्यायच्या म्हणून. चांदीचा निळा रंग काही सुटत नव्हता.

"आता काय करायचं?" मधुसूदन काठावर मटकन बसला. "साहेब येणार, पाणी बघणार, आणि कायमचं लिहून जाणार की आमची तक्रारच खोटी. पुन्हा कोण येतंय आपल्याकडे?"

सयाजी मिशी चावत उभा होता. एकदम म्हणाला, "मंडळाच्या ट्रंकेत गणपतीचा गुलाल हाय. विसर्जनाचा उरलेला."

"सयाजीराव, नाही. खोटं करायचं नाही."

"खोटं कुठं व्हायलंय? रोज ते टाकतेत, आज आपण टाकू. माल खरा हाय, फकस्त वार चुकलाय."

मधुसूदन गप्प बसला. मृदुला गोधडी पिळत म्हणाली, "बघा हं. गप्प बसणाऱ्याने हो म्हटलं असंच धरतात. मी शाळेत रोज तेच करते."

मधुसूदन तरीही गप्प बसला. सयाजी गेला.

जीप आली तेव्हा देवस्थळीसाहेबांनी आधी घड्याळ पाहिलं आणि मग ओढा पाहिला. "अहो खरवंडीकर, हा ओढा आहे की काश्मीर? आणि तुम्ही दाढी अर्धीच का केलीत?"

"साहेब, जरा थांबा. रंग येईल. येतोच."

"येतोच? रंगाला टाइमटेबल आहे का?"

आणि रंग आला. गुलाबी! बायकांनी हां हां म्हणता गोधड्या उचलून काठावर फेकल्या. देवस्थळी वाकले, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मग कमरेवर हात ठेवून वरच्या बाजूला चालू लागले. मधुसूदन त्यांच्या मागे, "साहेब, तिकडे काटे आहेत, साहेब, तिकडे चिखल आहे," असं म्हणत.

कंपनीच्या कुंपणाखालून सिमेंटचा जाडजूड पाइप ओढ्यात उतरला होता. त्याच्याजवळ बाभळीच्या आड सयाजी गुलालाचं पोतं झटकत होता. हात गुलाबी, मिशी गुलाबी, भुवया गुलाबी.

"अभिनंदन!" देवस्थळी म्हणाले. "कुठली निवडणूक जिंकलात?"

सयाजीने तोंड उघडलं. नुसता गुलालाचा ठसका आला.

"खरवंडीकर, ही तुमची चळवळ? वाहत्या पाण्यात स्वतः रंग कालवता आणि कंपनीवर आळ घेता? आता बघा. या माणसावर केस, तुमच्या समितीवर केस. तुमच्या कारखान्यालाही कळवतो, तुमचा ड्राफ्ट्समन सुट्टीच्या दिवशी काय ड्राफ्ट करतो ते."

मधुसूदनच्या न केलेल्या अर्ध्या दाढीतून घाम ओघळला. गिरजाबाई म्हशींचे दोर धरून तिथवर आली होती. तिने सगळं ऐकलं. ती नुसता चांदीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिच्यापुरता शनिवार ठरला होता.

"आणि आता कंपनीच्या पाण्याचा नमुना मी माझ्या हाताने घेतो," देवस्थळी म्हणाले. "गुलालाच्या वर, अगदी पाइपच्या तोंडाशी. स्वच्छ पाणी कसं असतं ते तुम्हाला बाटलीत घालून दाखवतो." त्यांनी बूट काढले, मोजे त्यात कोंबले, श्राद्धाच्या जेवणासाठी घातलेली पांढरीशुभ्र पँट गुडघ्यावर दुमडली आणि ते पाण्यात उतरले. बुचाची बाटली घेऊन पाइपपाशी वाकले.

पाइपच्या पोटात गुरगुरलं.

"काय हो, आतून आवाज कसला?" देवस्थळींनी पाइपात डोकावून विचारलं.

उत्तर पाइपनेच दिलं. असं निळं, दाट, वाफाळतं पाणी भस्सकन बाहेर पडलं की साहेब पाण्यात फतकल मारून बसले. उठले तेव्हा कमरेपर्यंत निळे होते आणि कमरेच्या वर ठिपक्याठिपक्यांचे. खालून बायकांचा एकच कल्लोळ उठला. गुलाल वाहून गेला म्हणून त्यांनी गोधड्या पुन्हा पाण्यात घातल्या होत्या. आता त्या निळ्या गोधड्या तशाच ओढत, शिव्या देत सगळ्या जणी वर आल्या. मृदुला सर्वांत पुढे होती, शाळेत शिकवते हे विसरून.

आवाज ऐकून कंपनीचा वॉचमन धोंडीबा कुंपणाशी आला. गावचाच माणूस. पाण्यातल्या निळ्या माणसाला त्याने निरखून पाहिलं आणि खाडकन सलाम ठोकला.

"साहेब तुमी? आज कसं? तुमी तर उद्या येनार व्हता ना?"

"उद्या? कोण म्हणालं उद्या?"

"आवं, निरोप आला की आमच्या हापिसात, न्हेमीसारखा. शुक्रवारी साहेब येत्यात म्हनून. म्हनून तर आज सुट्टीच्या दिशी मानसं बोलावून समद्या टाक्या रिकाम्या करायचा हुकूम हाय. एरवी बुधवारी रातीच उरकतंय, ह्या खेपेला टाक्या लई भरल्यात. उद्या तुमाला पाइप कसा कोरडा ठनठनीत दिसला पायजे!" धोंडीबाला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. तो कुंपणामागे खाली बसला, पण टोपी दिसत राहिली.

"आधी ते बंद करायला सांग!" देवस्थळी ओरडले.

टोपी पळाली. पाइप थांबला. हवेत नुसता उग्र दर्प राहिला. देवस्थळी काठावर चढले आणि गवताने पाय पुसू लागले. गवत निळं झालं. रुमाल निळा झाला. पाय अधिकच चमकायला लागले.

"घासू नका साहेब," गिरजाबाई मायेने म्हणाली. "आमची चांदी सकाळधरनं घासतीया. न्हाई निघत."

पहिला हसला तो सयाजी. मग बायका. मधुसूदनला हसावं की नाही कळेना, पण त्याच्याही अर्ध्या दाढीआडून हसू फुटलं.

देवस्थळींनी एकवार आपल्या पायांकडे पाहिलं, एकवार जमलेल्या कॉलनीकडे. हे पाय घेऊन मेहुण्याच्या पंगतीला बसायचं होतं, उद्या ऑफिसात जायचं होतं. 'स्वच्छ आढळले' आता कुठल्या तोंडाने, नव्हे, कुठल्या पायांनी लिहिणार? त्यांनी मुकाट्याने बाटल्या भरल्या. निळ्या. बुचं लावली, लाख लावली, मधुसूदनची आणि मृदुलाची सही घेतली. पाइपच्या झडपेला कुलूप घालून त्यावरही लाख चढवली. सयाजीकडे बघून म्हणाले, "तुम्ही आधी आंघोळ करा," आणि केसचं नाव पुन्हा काढलं नाही.

"म्हंजी पाइप आता बंद?" गिरजाबाईने विचारलं.

"चौकशी होईपर्यंत बंद. झडपेला हात लावला तर मी आहे नि ते आहेत."

गिरजाबाईने डोळ्यांना पदर लावला. मग चांदीच्या पाठीवर थाप मारली. "चल गं बया. चाकनला न्हाई, घरला."

देवस्थळी बूट हातात घेऊन घाईघाईने जीपकडे निघाले. पंगत बसायची वेळ झाली होती. पण जीपपाशी पोचले आणि थांबले. बायकांनी निळ्या ओल्या गोधड्या जीपवर वाळत घातल्या होत्या. टपावर, बॉनेटवर, पुढच्या काचेवर. ड्रायव्हर आत अंधारात बसून होता.

"हे काय? काढा ते!"

"ओल्या हायेत साहेब, वझं लई," गिरजाबाई म्हणाली. ती आणि मृदुला जीपच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. बाकीच्या बायकांनी तिथंच बैठक मारली. "गुलाल कोनी टाकला त्ये तुमी इचारलं, घावलं. निळं कोनी टाकलं, त्येबी तुमच्या अंगावरच हाय. आता येकच ऱ्हायलं. कंपनीला शुक्रवारचा निरोप तुमच्याकडनं जातो, त्यो धाडतंय कोन?"

देवस्थळींनी घड्याळ पाहिलं. काच निळी झाली होती, काटे दिसेनात.

"न्हाई, घाई न्हाई आमाला," गिरजाबाई म्हणाली. "गोधड्या वाळंस्तवर बसा. सावकाश सांगा. कोन धाडतंय?"