ठिपक्यांचे मास्तर

दोन समांतर रेषांचं लग्न लावून देणारी भालकीत मीच पहिली आणि मीच शेवटची. नातवंडं हसतात, हसोत. त्या वयात माझी अक्कल वेणीच्या रिबिनीएवढी होती, आणि ती रिबीनही रोज सुटायची.

गणिताला गुंडेराव मास्तर होते. निजामाचं राज्य गेलं, शाळा उर्दूतून मराठीत आली, पण मास्तरांचं रागावणं दखनीतच राहिलं : "आँखां हैं क्या बटनां?" एरवी बोटभर पोरीलाही ते अक्का म्हणत. आलेखाचा कागद गावात मिळत नसे, म्हणून कोटाच्या खिशात रांगोळीची डबी. सारवलेल्या अंगणात आम्ही ठिपके मांडायचे, दोन समीकरणांच्या दोन रेषा ओढायच्या, की त्यांचा प्रश्न ठरलेला : "भेट कुठं?" बाजारात समोरासमोर दोन बैलगाड्या दिसल्या तरी हेच पुटपुटत.

दर शनिवारी ते उदगीरहून येणाऱ्या मोटारीपाशी उभे राहत. कुणी विचारलं तर म्हणत, मोटारीची वेळ तपासायलोय. बायको उदगीरला माहेरी गेली ती परतलीच नव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक. आम्हा पोरींना त्याचंही हसू यायचं.

त्या वर्षी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं : गणितात नापास झालीस तर शाळा बंद, औरादचं स्थळ तयारच आहे. परीक्षा अंगणात. माझ्या वाट्याला आलं : क्ष अधिक य बरोबर चार, आणि क्ष अधिक य बरोबर सात. रेषा ओढल्या. दोघी शेजारीशेजारी चालल्या, भेटायचं नाव नाही. माझ्या डोळ्यांपुढे औराद. रांगोळीत रेघ उघडी सोडली की आई ओरडायची, तेवढं मात्र आठवलं. मी चिमूट भरली, दोघींच्या टोकांना वळण देऊन त्या जुळवल्या, शिवाय मध्ये कमळ काढलं. म्हटलं, ही भेट, मास्तर.

पोरी फिदीफिदी हसल्या. मास्तर उकिडवे बसून बघत राहिले. त्यांच्या तोंडून 'बटनां' निघाली नाहीत. त्यांनी दुसरं गणित घातलं. ते सुटलं, औराद टळलं.

मी आधीची रांगोळी पुसायला फडकं उचललं. शनिवार होता, मास्तर मोटारीकडे निघाले होते. तिथूनच मागं वळले.

"चुकलंय, अक्का. ह्या दोघींची भेट व्हायची न्हाई. पण पुसू नकू. मी येईपर्यंत राहू दे."