इंजिनावर फुटलेला नारळ

खंडेनवमीच्या सकाळी हौशीरामनं गवत कापायचं मशीन मागं कलंडवलं, काळं तेल डबड्यात सोडलं आणि प्लग काढून घासायला घेतला. निरगुडसरच्या लग्नाच्या लॉनवर माळी, वॉचमन, मेकॅनिक सगळं तोच. उद्या दसऱ्याला त्याच्या पोरीचा, मोहिनीचा साखरपुडा इथंच होता. मालक दादाभाऊंनी लॉन फुकट दिलं होतं. अट एकच, गवत कापलेलं हवं.

तेवढ्यात दादाभाऊ नारळ घेऊन आले. मशीनचं तोंड कुठं आणि ढुंगण कुठं हे ज्यांना कळत नाही, तेच पूजेला पुढं!

"मालक, थांबा! प्लगचं भोक उघडं हाय."

"पूजेत मधी बोलू नको, हौशा. फोटो काढ."

लोक नारळ समोर दगडावर फोडतात. दादाभाऊंना फोटोत मशीन हवं होतं. नारळ फाटकन इंजिनावर फुटला, पाणी सरळ भोकात. वर मूठभर कुंकू.

"आत पाणी गेलं, मालक!"

"देवाचं पाणी हाय ते. काय हुतंय?"

हौशीरामनं नवं तेल भरलं, प्लग बसवला. मशीन चालू करायची दोरी हलेना. प्लग काढून ओढली, तर लाल पिचकारी थेट दादाभाऊंच्या पांढऱ्या शर्टावर. प्लग पुसून पुन्हा बसवला, दुपारपर्यंत दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली. इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही.

"उद्या अकरापर्यंत गवत नाय कापलं, तर साखरपुडा तुझ्या दारात कर," म्हणत मालक शर्ट बदलायला गेले. हौशीरामच्या दारात चार खुर्च्या मावत नव्हत्या.

"आवं, भिका धनगराची मेंढरं आणा," त्याची बायको सरूबाई म्हणाली. "दोन तासांत लॉन साफ."

दसऱ्याला सकाळी मेंढरं आत घुसली. त्यांनी झेंडूच्या माळा खाल्ल्या, आंब्याची तोरणं खाल्ली, पाहुण्यांना वाटायचं आपट्याचं सोनंही खाल्लं. गवताला एकानंही तोंड लावलं नाही.

"आरं भिका, गवत खायला सांग की त्यांना!"

"झेंडू सोडून ही चटई कोण खाईल, भाऊ? तुमी खाल का?"

हौशीरामनं मशीनला लाथ घातली, रडत दोरी ओढली. भुर्रर्र! रात्रभरात प्लग वाळला होता. अकराला दहा कमी असताना गवत कापून झालं. मांडव मात्र बोडका, आणि खुर्च्यांखाली लेंड्या.

"बघितलं? माझा नारळ पावला!" दादाभाऊ दारात आलेल्या हौशीरामच्या व्याह्यांना सांगत होते.

शिनोलीच्या व्याह्यांनी मशीनकडं बघून भक्तिभावानं हात जोडले.

"दादा, आमचा ट्रॅक्टर दोन महिनं बंद हाय. येऊन एक नारळ फोडता का इंजिनावर?"

 हौशीरामला पोरगी याच घरात द्यायची होती.