गुणाकार बरोबर होता

बस डेपोत वेळापत्रकं बनवणारा कारकून एका रविवारी पाच किलोमीटर तेवीस मिनिटांत पळाला, आणि तिथेच सगळं बिनसलं. घड्याळ त्याने तीनदा पाहिलं. मग आपल्याच पायांकडे अशा आदराने पाहिलं, की बायकोला वाटलं काहीतरी चावलं. बूटही न काढता त्याने कागद ओढला आणि गुणाकार थेट मॅरेथॉनच्या बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटरपर्यंत नेला. उत्तर आलं तीन तास चौदा मिनिटं. (गुणाकार बरोबरच होता. त्याचा गुणाकार कधी चुकत नसे. ड्रायव्हरांची तक्रार वेगळीच होती.)

तक्रार अशी, की लांबच्या गाड्यांनाही तो हाच न्याय लावी. डेपोच्या फाटकापासून रिकाम्या रस्त्यावरचे पहिले पाच किलोमीटर मोजायचे आणि पुढच्या चढांनाही तोच वेग धरायचा. नव्या वेळापत्रकावर ड्रायव्हर अडून बसले होते.

"मी माझ्या कागदाप्रमाणे मॅरेथॉन पळालो," तो त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या ड्रायव्हरला म्हणाला, "तर तुम्ही मुकाट्याने माझ्या कागदाप्रमाणे गाड्या न्यायच्या."

"आणि नाही पळालात तर?"

"तर वेळापत्रक तुम्हीच बनवा."

"लिहून द्या साहेब." साहेबांनी लिहून दिलं.

इकडे घरात सासूबाईंनीही नाव नोंदवलं होतं. वय एकसष्ट, तीस वर्षं दारोदार टपाल वाटून निवृत्त. पाच किलोमीटरला त्यांना चौतीस मिनिटं लागत.

"आई, तुम्ही अर्धीच धावा. आकडेच तसे आहेत, मी काय करू?"

"बघते हं," सासूबाई म्हणाल्या, आणि दर रविवारी तीन-तीन तास रमतगमत पळत राहिल्या. जावई आठवड्यातून दोनदा पाच किलोमीटर पळे आणि उरलेले पाच दिवस त्याबद्दल बोले.

शर्यत सकाळी सहाला सुटली. अठराव्या किलोमीटरपर्यंत तो कागदाच्या मिनिटभरही मागे नव्हता. चोविसाव्याला पोटऱ्यांनी संप पुकारला. एकतिसाव्याला तो दुभाजकावर बसला (बुटाची नाडी बांधायला, असं त्याने विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं).

तेवढ्यात सासूबाई आल्या. सकाळी पहिल्या किलोमीटरला होती तीच चाल, तोच श्वास.

"जावईबापू, पाणी हवंय का?"

"नको आई. नाडी बांधतोय."

"सावकाश बांधा. मी होते पुढे."

आणि त्या गेल्या. पुढे चढ होता. त्यावरही पाऊल तसंच पडत राहिलं, ना कमी ना जास्त. तो थक्क होऊन बघत राहिला. इतकी लांब, इतकी वेळेवर जाणारी गाडी त्याने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तीस वर्षांचे जिने त्या पायांत मुरले होते आणि त्याच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. त्याला लाज वाटायला हवी होती, पण ऊर भरून आला आणि हात आपोआप जोडले गेले.

लंगडत तो तेहतिसाव्या किलोमीटरला पोचला. तिथे दमलेल्यांना गोळा करणारी डेपोची बस उभी होती, आणि स्टिअरिंगवर म्हातारा ड्रायव्हर.

"हरलो," कारकून पायरीवरच म्हणाला. "आता वेळापत्रक तुम्ही बनवायचं."

"बनवलंय की. तुमच्यापासूनच सुरुवात केली." म्हाताऱ्याने खिशातून कागद काढून वाचला. "साहेब, तेहतिसावा किलोमीटर, नऊ पन्नास." मग त्याने घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं लेट आहात."