पडद्यामागचा डेलबर्ट

लॅरमीच्या ट्रकतळावर सकाळी पावणेसातला डेलबर्ट आणि मार्ला कूलमन यांचं वाजलं. कारण होतं पार्लीजचा घाट. तो अजून चारशे मैल लांब होता, पण एकतीस वर्षांच्या संसारात दोघांना भांडणासाठी कारण समोर असावं लागतच नसे.

"एव्हनस्टन आलं की मला उठव," डेलबर्ट स्टिअरिंग सोडता सोडता म्हणाला. "तिथून पुढं मी घेतो. तो उतार तुझ्या हातचा नाही."

"लायसन्स माझ्याकडंही आहे."

"लायसन्स आहे गं. घाट नाहीये अनुभवात."

"तुझ्या तरी कुठं आहे? सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलीस, ती आपल्या कार्नीत. कार्नीत चढ म्हणायला एक गतिरोधक आहे."

यावर डेलबर्टनं चष्मा काढला, बूट काढले आणि सीटमागच्या बर्थवर चढून पडदा खर्रकन ओढून घेतला. मार्ला तोंड धुवायला आणि कॉफी आणायला खाली उतरली. परत आली तेव्हा पडदा तसाच ओढलेला होता. आत सामसूम होती. हा रुसवा साधारण चार तास टिकतो, हे तिला पाठ होतं. तिनं कॉफी खाचेत ठेवली, पट्टा बांधला आणि गोठवलेल्या मटारांनी गच्च भरलेला ट्रेलर ओढत ती महामार्गाला लागली.

दोघांच्या या नव्या नोकरीचा तो नववा दिवस होता. मार्लानं बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. धाकटी मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात संध्याकाळी टीव्हीशिवाय कोणी बोलेनासं झालं, तेव्हा एके दिवशी जेवताना तीच म्हणाली होती, "आपण लांब पल्ल्याचा ट्रक चालवू या." डेलबर्टला वाटलं, ही चेष्टा करतेय. तीन महिन्यांनी दोघं शिकाऊ वर्गात शेजारी शेजारी बसले होते. मार्ला पहिल्या फटक्यात पास झाली. डेलबर्ट रिव्हर्सच्या परीक्षेत दोनदा अडकला आणि तेव्हापासून तो तिला रस्त्यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल सूचना देऊ लागला. आरशात बघ. गिअर उतरव. त्या लाल गाडीपासून सांभाळ. त्या लाल गाडीत शेजारी असा नवरा बसला असता, तर तीही वैतागली असती.

त्यांच्या गावानं, नेब्रास्कातल्या कार्नीनं, त्यांना चर्चच्या सभागृहात निरोप दिला होता. ट्रकच्या आकाराचा केक होता. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं भाषण केलं होतं, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी, "महिन्यात परत येतात बघा," असं म्हटलेलं मार्लाच्या कानावर आलं होतं. कंपनीचा नियमही तसाच होता. पहिला महिना जोडीनं, दोघांनी गाडीत हजर राहून काढायचा. कुठं चूक झाली की रामराम.

वायोमिंगमध्ये वारा नेहमीसारखाच होता, म्हणजे रिकामा ट्रेलर आडवा करण्याइतका. मटारांच्या वजनानं मार्लाची गाडी रस्त्याला धरून होती, तरी रॉलिन्स गावापर्यंत तिचे खांदे भरून आले. पडद्यामागून चकार शब्द नाही. आधी तिला बरं वाटलं. मग जरा चुकल्यासारखं वाटलं. मग तिनं स्वतःशीच पुटपुटायला सुरुवात केली, आणि हळूहळू ते पुटपुटणं पडद्याला ऐकू जाईल इतकं मोठं झालं.

"हे बघ, मी काही तुझ्याशी बरोबरी करत नाहीये," ती म्हणाली. "पण तू शेजारी बसून दम खात नाहीस. मला चुकायला तरी देत जा."

पडदा गप्प.

"आणि परीक्षेचं म्हणशील तर ते मी कार्नीत कोणालाच सांगितलेलं नाही. फक्त शेजारच्या डोरीनला. आणि तिच्या आईला."

यावरही तो काही बोलला नाही, तेव्हा मात्र तिला नवल वाटलं. डेलबर्ट बदलतोय की काय, असा विचार तिच्या मनात आला आणि तिचा ऊर थोडा भरून आला.

साडेदहाच्या सुमारास पडद्यामागं डेलबर्टचा फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मार्लाचा स्वतःचा फोन आवाज बंद करून पर्सच्या तळाशी होता, कारण तिची बहीण दिवसातून सहा वेळा फोन करायची.

"उचल की रे," ती म्हणाली. "माझ्याशी नको बोलूस, पण फोनवर कशाला राग?"

फोन दहा-बारा वेळा वाजला आणि मेला. बॅटरी संपली असणार. नवऱ्याची झोप किती गाढ आहे, हे बघून तिला त्याची दयाच आली. रात्रभर चालवली होती बिचाऱ्यानं.

बारा वाजून पाच मिनिटांनी एव्हनस्टनची पाटी दिसली. इथं खरं काय झालं, ते मार्लानं पुढं कधीच कोणाला सांगितलं नाही. तिनं डेलबर्टला हाक मारली. पण ती कशी, तर पाळण्यातलं मूल उठू नये अशी.

"डेलबर्ट. एव्हनस्टन आलं."

तिनं मनात पाचपर्यंत मोजलं. तीन म्हणतानाच बाहेर पडायचा फाटा मागं गेला.

"मी विचारलं होतं हं," ती पडद्याला म्हणाली. "मग मी नेते. ठीक आहे ना? नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण."

पडद्यामागून जी शांतता आली, ती तिनं होकार म्हणून घेतली.

घाटमाथ्यावर पोचली तेव्हा तिच्या तळहाताला घाम होता. उतार सुरू व्हायच्या आधीच तिनं गिअर खाली आणला, शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं तसा. इंजिन गुरगुरू लागलं, वेग जागच्या जागी बसला. डावीकडून छोट्या गाड्या झपाझप निघून गेल्या. एकानं भोंगा वाजवला. मार्लानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांना अडवण्यासाठी बाजूला केलेली खडीची चढण आली आणि मागं गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण ब्रेकला फक्त अधूनमधून पाय लावतोय, एखाद्या उकळत्या पातेल्यावरचं झाकण हलकेच सरकवावं तसा. दहा मैलांचा उतार ती उतरली. खाली सॉल्ट लेक शहर उन्हात पसरलेलं होतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "नसशील बघितलं तर ऐकलं तरी असशील. एकदाही ब्रेकचा वास आला नाही."

गोदाम दोन वाजता माल घेणार होतं. ती पावणेदोनला फाटकातून आत शिरली आणि समोरचं दृश्य बघून तिचा सगळा आनंद मावळला. फलाट क्रमांक नऊ. दोन्ही बाजूंना ट्रक उभे. मध्ये एका ट्रेलरपुरती फट. आणि जेवणाची सुट्टी असल्यामुळे पायरीवर चार ड्रायव्हर सँडविच खात बसलेले, म्हणजे करमणुकीची सोय झाली त्यांची.

"डेलबर्ट, उतर खाली आणि मागं उभा राहा," ती म्हणाली. "आता रुसवा पुरे. इथं लोक बघतायत."

उत्तर नाही. तेव्हा मात्र मार्लाच्या डोक्यात प्रकाश पडला, तो चुकीचा. हा जागा आहे, तिला वाटलं. जागा राहून माझी परीक्षा बघतोय. बरं. बघ मग.

ती स्वतःच उतरली, मागं जाऊन जागा बघून आली, वर चढली, ट्रेलर थोडा ढकलला. पुन्हा उतरली. पुन्हा चढली. पहिल्या खेपेला कोन चुकला. दुसऱ्या खेपेला जमत आलं होतं, पण ट्रेलर जरा तिरका वाटला म्हणून तिनं पुढं घेऊन सरळ केला. तिसऱ्या खेपेला ट्रेलर त्या फटीत असा शिरला, की फलाटाच्या रबराला टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पायरीवरच्या चौघांपैकी एकानं सँडविच खाली ठेवलं.

फलाटावरचा मुकादम वेल्च नावाचा पांढऱ्या मिश्यांचा माणूस होता. तो कागद घेऊन आला.

"किती वर्षं चालवताय?"

"नऊ दिवस."

"मी वर्षं विचारली."

"तुम्ही वर्षं विचारलीत, पण माझे दिवसच झालेत."

वेल्चनं एकदा तिच्याकडं, एकदा ट्रेलरकडं बघितलं आणि सही केली. मार्ला केबिनमध्ये चढली आणि सात तासांत पहिल्यांदाच तिनं पडदा बाजूला सारला. "आता बोल," असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं.

आत गोळा झालेलं पांघरूण होतं. खाली बूट, कोपऱ्यात चष्मा, बंद पडलेला फोन. डेलबर्ट नव्हता.

तिनं पांघरूण झटकलं. बर्थखालचा कप्पा उघडला, ज्यात पाना-पक्कड मावत होती आणि डेलबर्टचा एक पाय कसाबसा मावला असता. मग ती खाली उतरून गाडीखाली वाकली.

"काय हरवलं?" वेल्चनं विचारलं.

"नवरा," मार्ला म्हणाली.

तिनं पर्समधून स्वतःचा फोन काढला. त्यावर एकोणीस फोन येऊन गेले होते, सगळे कंपनीच्या रोझलिनचे. रोझलिन ऑफिसात बसून गाड्या कुठं पाठवायच्या ते ठरवायची, आणि तिचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता.

"मार्ला," ती म्हणाली, "आधी सांग, मटार पोचले?"

"पोचले. रोझलिन, डेलबर्ट..."

"डेलबर्ट सुखरूप आहे. नेब्रास्कात आहे."

मार्ला पायरीवर बसली. सँडविचवाल्यांनी तिला जागा करून दिली.

झालं होतं ते एवढंच. सकाळी ती तोंड धुवायला गेली, तेव्हा डेलबर्टही मोजे घालूनच बाथरूमला गेला होता. चष्मा नव्हता. परत आला तेव्हा कंपनीच्या एकसारख्या हिरव्या गाड्यांपैकी एकीत चढला, बर्थवर पडला, पडदा ओढला आणि रागाच्या भरात गाढ झोपला. फक्त ती हिरवी गाडी शेजारची होती. तिचा चालक ओस्टाप, एकटाच चालवणारा युक्रेनी गडी, तेव्हा पलीकडच्या बाजूनं टायर तपासत होता. तो पूर्वेला निघाला. नेब्रास्कातल्या ओगालालापाशी आपल्या बर्थवर कोणीतरी घोरतंय, हे त्याला ऐकू आलं.

रोझलिननं ओस्टापचा नंबर दिला. फोन डेलबर्टनंच घेतला.

"मला वाटलं तू मागं आहेस," मार्ला म्हणाली.

"मला वाटलं तू पुढं आहेस." मग त्यानं घसा साफ केला. "घाट कोणी उतरवला?"

"कोण उतरवणार? मीच."

"ब्रेक तापले?"

"नाही."

"आणि फलाटाला कोणी लावली?"

"मीच."

"किती खेपेत?"

"तीन."

मग फोन तोंडापासून दूर धरून डेलबर्ट कोणाला तरी सांगतोय, असं तिला ऐकू आलं. "माझ्या बायकोनं पार्लीजचा घाट उतरवला. एकटीनं. नवव्या दिवशी."

"चांगलं झालं," ओस्टापचा आवाज आला. "आता माझी उशी सोडा आणि पुढं येऊन बसा."

आनंद इथवरच होता. नियमाचा प्रश्न तसाच होता. ऑफिसात हाउगन नावाचे गृहस्थ सुरक्षेचं बघत, आणि नव्या जोड्यांना घरी पाठवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रोझलिननं सगळं त्यांच्यासमोर मांडलं. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मार्लानं आधीच सामान बांधायला घेतलं होतं.

"त्यांनी तुझ्या गाडीची सगळी नोंद बघितली," रोझलिन म्हणाली. "घाटातला वेग बघितला. गोदामाला फोन केला. तिथला मुकादम म्हणे, या बाईला पुन्हा पाठवा."

"मग?"

"मग म्हणाले, नियम दोघांनी गाडीत असण्याचा आहे. एक जण आपल्या गाडीत होता, एक जण दुसऱ्याच्या. तेव्हा जो आपल्या गाडीत होता तो मुख्य चालक. दुसरा त्याच्या हाताखाली. तोंडावर हसू नव्हतं त्यांच्या, पण मी त्यांना चौदा वर्षं ओळखते. उद्या ओमाहाचा माल घे. कार्नीत थांबून त्याला उचल."

इकडं ओस्टापनं डेलबर्टला कार्नीच्या पेट्रोल पंपावर उतरवलं होतं. मोजे, अर्धी चड्डी आणि ओस्टापनं दिलेलं जाकीट, ज्यात दोन डेलबर्ट मावले असते. निरोपाला दोन आठवडे झाले नव्हते. पंपावर पहिली भेटली ती डोरीन.

"परत आलास?" डोरीन म्हणाली. तिला फार दुःख झाल्यासारखं दिसलं नाही.

काय सांगायचं, ते डेलबर्टनं वाटेत ठरवून ठेवलं होतं: पाठ दुखते, डॉक्टरनं बोलावलंय. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच. त्यानं खरं सगळं सांगितलं, स्वतःच्या झोपेसकट. फक्त झोपेवर तो एक वाक्य बोलला आणि घाटावर अर्धा तास. घाट त्यानं पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे वर्णनाला कशाचीच आडकाठी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कार्नीत असं कोणी उरलं नाही, ज्याला मार्ला कूलमननं बर्फात, धुक्यात, एका हातानं तो घाट उतरवल्याचं ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मार्लाची हिरवी गाडी पंपावर वळली तेव्हा तिथं वीस-पंचवीस माणसं उभी होती. मुख्याध्यापिका होत्या. डोरीन होती, तिची आईही. मार्लाला वाटलं, अपघात झालाय. तिनं काच खाली केली.

"धुक्यात दिसत कसं होतं गं तुला?" डोरीनच्या आईनं विचारलं.

"कसलं धुकं?" मार्ला म्हणाली.

डेलबर्ट गर्दीतून घाईघाईनं पुढं आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. सवयीनं तो डाव्या, चालकाच्या दाराशी आला आणि दांडीला हात घातला. वर मार्ला बसलेली होती. तिनं त्याचा चष्मा खिडकीतून खाली दिला. त्यानं तो घातला, तिच्याकडं नीट बघितलं, दांडी सोडली आणि गाडीच्या नाकाडापुढून वळसा घालून उजव्या बाजूनं वर चढला.

"झोपायचं असेल तर बर्थ लावून ठेवलाय," ती म्हणाली.

"नको. इथंच बसतो." त्यानं पट्टा बांधला. "तुझं चालवणं बघायचं राहिलंय माझं."

मार्लानं भोंगा वाजवला, गर्दीनं हात हलवले. गाडी महामार्गाकडं वळताना डेलबर्टचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथं ब्रेक नव्हता. मार्लानं ते पाहिलं. त्यानंही, तिनं पाहिलेलं पाहिलं, आणि ओमाहा येईपर्यंत तो पाय मांडीखाली घेऊन बसला.